चित्राला साथ करताना

थोडं स्वस्थ बसू. श्वास त्याच्या गतीनं चालू दे.

मन गिरगावात नेऊ. ३ मे १९१३. सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आहे. दादरला राहत्या घरी खपून त्यांनी तो उभा केला. समोर बसलेल्यांचे कान संगीत नाटकांवर आणि कीर्तनांवर पोसलेले. पडद्यावरच्या माणसांचे ओठ हलतात, पण आवाज नाही. मजकूर पाट्यांवर येतो. मूकपटांच्या त्या जमान्यात पडद्यापाशी पेटी-तबलेवाले बसत. काय वाजवायचं, हे त्यांना चित्र बघता बघता ठरवावं लागे.

आज त्यांच्या जागी आपण बसू.

‘कालिया मर्दन’ घेऊ, १९१९ चा. सुरुवातीलाच फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी दिसते. तिच्या चेहऱ्यावर एकेक भाव उमटतो, विरतो, दुसरा येतो. मग तीच कृष्ण होते.

हा चेहरा आधी आवाजाविना बघू. घाई नको. भाव कुठे सुरू होतो? कुठे मावळतो?

आता पेटीचा नुसता षड्ज धरू. चेहरा तोच आहे, पण आपण त्याच्याकडे जरा स्थिर होऊन बघतो आहोत. कोमल गंधार लावू. हसऱ्या चेहऱ्यामागेही काहीतरी दुखरं असावं, असं वाटू लागलं ना? चित्रात ते नव्हतं. ते आपण घातलं. एका सुराची ही ताकद जरा मनात मुरू दे.

पुढे यमुनेचा डोह येतो. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया झुंजतात, काठावर माणसं कासावीस होतात. चित्र या दोहोंत ये-जा करतं. हात आपसूक तबल्यावर जातो, द्रुत लय धरावीशी वाटते. क्षणभर थांबू. झुंज तर डोळ्यांना दिसतेच आहे. काठावरच्या आईची तगमग कोण ऐकणार? तिच्यासाठी पेटीचा एकच लांब सूर धरला आणि तो पाण्याखालच्या झुंजीवरही तसाच राहू दिला, तर? मग झुंज बघतानाही आपण तिच्या बाजूनं बघतो.

मैफलीत गवई साथीदाराकडे बघतो, समेवर दोघं भेटतात. पडदा आपल्याकडे बघत नाही. तो आपल्यासाठी थांबत नाही, चूक सांभाळून घेत नाही. म्हणून इथे ऐकण्याचं सगळं काम साथ करणाऱ्याचं.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातच, मॅजेस्टिकमध्ये, ‘आलम आरा’ बोलू लागला. बोलपटात आवाज चित्राशी कायमचा बांधला गेला. त्याआधी मात्र तेच चित्र एका हातून करुण व्हायचं, दुसऱ्या हातून वीर. आजही जुन्या मूकपटाला कुणी साथ करायला बसतो, तेव्हा ही निवड पुन्हा त्याच्या हाती येते.

ती हाती आली की तीन गोष्टी मनाला विचारू. हा क्षण कुणाचा आहे? माझ्या सुरानं तो त्याच्यापाशी जातो, की माझ्यापाशी येतो? आणि मी गप्प राहिलो तर प्रेक्षकाला जास्त दिसेल का?

तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर हात निःशंक मागे घेऊ. तीही साथच आहे.