बारा टोपल्या आणि उन्हाळ्याची सुटी

शास्त्रभाग : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ६, ओव्या १ ते १३



प्रभूने पाच हजारांस जेवू घातले ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. परंतु तिच्यातील दोन बाबी एकट्या योहानानेच लिहून ठेविल्या आहेत. पहिली ही की, त्या पाच जवाच्या भाकरी व दोन मासळ्या एका लहान मुलाजवळच्या होत्या. दुसरी ही की, सर्व लोक तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेसुरले वेचून घेण्याची स्पष्ट आज्ञा केली, आणि तिचे कारणही सांगितले : काही वाया जाऊ नये. ज्याने पाच भाकरींत हजारोंस पुरवले त्यास तुकड्यांची काय वाण होती? तरी शिष्य वाकून गवतातून तुकडे वेचीत फिरले आणि बारा टोपल्या भरल्या. देव विपुल देतो म्हणून ते सांडून टाकण्याची मोकळीक आपणांस मिळत नाही, हा ह्यातील बोध आहे.

आपल्या गावातही दोन प्रकारचे तुकडे सांडलेले आहेत. एक, उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस. दुसरे, त्या दिवसांत गावात असलेली आपली लेकरे.

मे महिन्याच्या आरंभी शाळेस कुलूप लागते, ते बहुतेक ठिकाणी जूनच्या मध्यास निघते. मुलांनी ह्या दिवसांत आंब्यावर चढावे, विहिरीत पोहावे, मामाच्या गावी जावे. ह्यात काही पाप नाही. विसावा हेही देवाचेच देणे आहे. परंतु ज्या घरी पुस्तक नाही, वर्तमानपत्र येत नाही, आईबापांस अक्षरओळख नाही, त्या घरच्या मुलाचे ह्या सहा आठवड्यांत जे विसरले जाते ते पुन्हा कोण आठवून देणार? शिकलेल्या घरचे मूल सुटीतही काही ना काही वाचते. गरिबाच्या घरचे मूल मागे पडते, आणि दरवर्षी थोडे थोडे अधिक मागे पडते.

ह्याहून जड गोष्ट पुढे आहे. बीड व अहमदनगर (आता अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांतील आणि आसपासच्या कोरडवाहू मुलुखातील पुष्कळ कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, हे तुम्हांस सांगावयास नको. तुमच्यापैकी कित्येकांनी कोयता हाती धरला आहे. कारखान्यांचे गाळप संपले म्हणजे मार्च-एप्रिलात, बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या मागेपुढे, ही कुटुंबे परत येतात.

अशा घरच्या एका दहा वर्षांच्या मुलीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. जूनपासून दिवाळीपर्यंत ती शाळेत बसली. मग फडाजवळच्या कोपीत ती तान्ह्या भावास सांभाळीत राहिली, पाणी भरीत राहिली, पहाटे आईच्या मागून उठत राहिली. ती गावी परतली तेव्हा वर्ष सरत आले होते, आणि थोड्याच दिवसांत शाळा बंद झाली. वर्षाचा जो तुकडा ती आपल्या गावात, आपल्या घरात काढते, नेमक्या त्याच तुकड्यात आपण तिच्या तोंडावर दार लावितो! पुढे काय होते तेही तुम्ही जाणता. उचल नवराबायकोच्या जोडीस मिळते. म्हणून शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न कोवळ्या वयातच उरकण्याकडे आईबापांचा ओढा असतो, आणि मग तिच्याही हाती कोयता येतो.

देशाच्या खेड्यापाड्यांतील मुलांची पारख करणारा ‘असर’ नावाचा अहवाल निघत असतो. पाचवीत असून दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरांत सुमारे पन्नास होती. कोरोनाच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यावर, २०२२ साली, ती त्रेचाळिसांवर आली. मुलाचे नाव वरच्या वर्गात चढते, वाचन मात्र खालच्याच पायरीवर बसून राहते.

आता आंद्रियाची आठवण करा. त्याने त्या मुलास प्रभूपुढे आणिले, परंतु एवढ्या जनांस एवढ्याशा अन्नाने काय होणार, अशी शंकाही काढिली. आपणही तेच म्हणतो : “महिनाभर मुले जमवून काय होणार? मी काही शिकलेला मास्तर नव्हे.” ह्या शंकेस अनुभवाचे उत्तर आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स ह्या ख्रिस्ती गृहस्थाने पाहिले की, गरिबांची मुले सहा दिवस कारखान्यांत राबतात; त्यांस मोकळा असा एकच दिवस आहे. १७८० साली त्याने त्याच दिवशी त्यांस वाचावयास शिकविण्याची सोय केली, आणि तेथून रविवारच्या शाळा जगभर पसरल्या. आपल्या पुण्यात १८५५ साली जोतीराव फुले ह्यांनी कष्टकऱ्यांकरिता रात्रीची शाळा काढिली, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. ज्या वेळी शिकणारा मोकळा असेल, ती शाळेची वेळ.

आणि अगदी आपल्या काळचे पाहा. २००८ सालच्या जूनमध्ये बिहारात ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या साह्याने सरकारी शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांकरिता एक महिना सुटीचे वर्ग चालविले.  अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदी विद्वानांनी त्यांची पारख केली, तेव्हा मुलांच्या वाचनात व गणितात खरी सुधारणा दिसून आली. त्या दोघांस पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाहा, एका महिन्याची ती भाकर व्यर्थ गेली नाही.

तर उपदेशक बंधूंनो, तुम्ही काय करावे ते ऐका. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. ऊन चढण्यापूर्वी मुले घरी जावीत. मंदिराची ओसरी चालेल, निंबाची सावलीही चालेल. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलास एकेकटे जवळ बसवून पाहा : अक्षर ओळखते काय, शब्द वाचते काय, चार ओळी वाचते काय, लहानशी गोष्ट वाचून सांगते काय? मग वय व इयत्ता न पाहता, ज्यास जे येते त्याप्रमाणे टोळ्या करा. सातवीतला मुलगा अक्षरांत अडला तर त्यास हसू नका, आणि कोणास हसू देऊ नका. ज्याचे नाक एकदा कापले गेले तो दुसऱ्या दिवशी येत नाही. गणितास चिंचोके पुरे. दहा-दहांचे ढीग करून मोजणी, बेरीज, वजाबाकी शिकवा, आणि बाजारहाटाचे हिशेब घाला. शेवटी एक गोष्ट मोठ्याने वाचा, एक गीत गावे, आणि मुलांस हसत घरी धाडा. मंडळीतील दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींस हाताशी घ्या. त्यांच्या सुटीचेही तुकडे वेचले जातील.

हे वर्ग आपल्याच घरांपुरते ठेवू नका. त्या गवतावर बसलेल्यांस, तुम्ही कोणाचे, कोणत्या आळीचे, असे प्रभूने विचारिले नाही. ज्यास भूक होती त्यास भाकर मिळाली. शेजारची लेकरे आली तर त्यांस पुढे बसवा, आणि त्यांच्या आईबापांचा विश्वास मोडेल असे काही करू नका.

आता आईबापांस दोन शब्द. “शेळ्या कोण राखील?” असे तुम्ही म्हणाल. शेळ्या नऊनंतरही चरतील. “आम्हांस वाचता येत नाही,” असे म्हणाल, तर संध्याकाळी मुलास जवळ घेऊन म्हणा, “बाळ, आज शिकलास ते मला वाचून दाखव.” अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे आईबापांस सांगतो की, घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता लेकरांस शिकवीत जावे. तेथे त्याने पंतोजी नेमिला नाही. आईबापांसच नेमिले आहे. ज्यास वाचता येते त्याने वाचून शिकवावे. ज्यास येत नाही त्याने कान देऊन शिकवावे.

आणि हे काम जूनमध्ये संपत नाही. शाळा उघडेल त्या दिवशी मुलाचा हात धरून त्यास दारापर्यंत पोहोचवा. दिवाळीपूर्वी मुकादम उचल घेऊन येईल, तेव्हा आजी-आजोबांजवळ किंवा सरकारी हंगामी वसतिगृहाची सोय असेल तेथे मुलास मागे ठेवण्याचा विचार करा. मंडळीच्या वडिलांनी अशा घरी आधीच जाऊन बोलावे. गाडी जुंपल्यावर केलेला उपदेश वाऱ्यावर जातो.

त्या संध्याकाळी जर शिष्य थकलो म्हणून बसून राहिले असते, तर लोक तृप्तच राहिले असते. परंतु तुकडे तुडवले गेले असते. आपल्या गावातील तुकड्यांस नावे आहेत, आणि ते देवास ठाऊक आहेत. पुढच्या रविवारी मंदिरात याल तेव्हा आपल्या आळीतील वाचता न येणाऱ्या मुलांची मोजदाद करून या. टोपली घेऊन वाकणारे लोक प्रभूस हवे आहेत. त्याने तुम्हांआम्हांस तसे करावे. आमेन.