द्राक्षवेलीचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. कुळाचा शोध बहुधा स्वतःस मिरविण्यासाठीं किंवा दुसऱ्यास हिणविण्यासाठींच होतो. तेव्हां या म्हणींत शहाणपण आहे. परंतु हाच शोध निःपक्षपातानें शेवटास नेला तर काय हातीं लागतें, हें फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या वंशावळीवरून पाहण्यासारखें आहे.

वेलीच्या आनुवंशिक सूत्रांत कांहीं ठराविक जागीं एकच लहानसा तुकडा ओळीनें पुनःपुन्हां आलेला असतो. तो किती वेळां येतो, हा आंकडा जातीगणिक बदलतो. आणि प्रत्येक जागच्या दोन आंकड्यांपैकीं एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला असतो. अशा खुणा ताडून कॅलिफोर्नियांतील कॅरोल मेरेडिथ, जॉन बॉवर्स व त्यांचे फ्रेंच सहकारी यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, जगविख्यात शार्डोने आणि तिच्यासह एकूण १६ जाती या पिनो व गुए ब्लां या एकाच जोडप्याची संतति होत. पिनो ही बर्गंडीची कुलीन वेल. गुए मात्र गोरगरिबांची, हलकी म्हणून अनेकदां मनाई झालेली. पुढें २०१० सालीं मातेकडूनच उतरणारें हरितकणांतील सूत्र तपासलें गेलें, तों शार्डोनेची माता गुएच ठरली!

याच जोडप्याचें दुसरें अपत्य गामे. १३९५ सालीं बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें तिला उपटून टाकण्याचा हुकूम सोडला. आज बोझोले प्रांताची कीर्ति तिच्यावरच उभी आहे. आईबाप तींच असतां एकीस मान आणि दुसरीस हद्दपारी! मग योग्यता कुळांत असते, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

तर मग कूळ शोधणें व्यर्थच, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कुळावरून किंमत ठरत नाहीं, पण ऋण ठरतें. गुए वेळेपूर्वींच निर्मूल झाली असती तर शार्डोने जन्मास न येती. आणि ही टाकाऊ वेल संग्रहांत कोणी जतन केली नसती, तर खुणा ताडावयास नमुनाच न मिळता.

आमच्या घरोघरच्या जुन्या वंशावळी उघडून पाहाव्या. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचीं नांवें ओळीनें लिहिलेलीं. मातांच्या जागा बहुधा कोऱ्या. कूळ शोधावयाचेंच, तर तें या कोऱ्या जागा भरण्यासाठीं शोधावें.