हवेचें वचन आणि रस्त्याची नीति

ज्या कृत्यानें एकट्यानें कोणाचेंहि म्हणण्यासारखें नुकसान होत नाहीं, परंतु तसल्याच सहस्रावधि कृत्यांच्या बेरजेनें सर्वांचेंच नुकसान होतें, त्या कृत्याचा दोष कोणाच्या माथीं मारावयाचा? नीतिशास्त्रांतील हा प्रश्न जुना असला, तरी तो सुटला आहे असें आम्हांस वाटत नाहीं. चोरी झाली म्हणजे चोर कोण, धनी कोण आणि गेलेला ऐवज किती, हें सर्व दाखवितां येतें. शहराची हवा बिघडते तेव्हां यांपैकीं कांहींच दाखवितां येत नाहीं. दम्यानें बेजार झालेल्या मुलाच्या छातींत कोणत्या मोटारीचा धूर गेला, हें जगांतील कोणतेंहि न्यायालय सांगूं शकणार नाहीं; आणि प्रत्येक मोटारवाला मात्र आपल्या एका गाडीनें आकाश काळें होत नाहीं असें खऱ्या मनानें म्हणूं शकेल. जें मोटारीचें तेंच रस्त्याचें. नवा रस्ता बांधणारा इंजिनियर म्हणतो, या एका रस्त्यानें हवेंत असा काय फरक पडणार? त्याचें म्हणणें खोटें नसतें. प्रत्येकाचें म्हणणें खरें असूनहि सर्वांची मिळून कृति वाईट ठरते, हीच या प्रश्नांतील खरी गांठ होय.

या गांठीला हात घालण्याचा एक प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायद्याच्या मार्गानें झाला आहे, व तो तत्त्वविचाराच्या दृष्टीनें मननीय आहे. तेथील शुद्ध हवेच्या कायद्याला आजचें रूप 1970 सालीं आलें. त्यांत 1977 सालीं एक अट घालण्यांत आली, 1990 सालीं ती बरीच कडक करण्यांत आली, आणि 1993 सालीं रस्त्यांपुरते तिचे तपशीलवार नियम झाले. अट थोडक्यांत अशी : ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, सूक्ष्म धूलिकण इत्यादिकांच्या बाबतींत ज्या प्रदेशाची हवा ठरीव मर्यादेबाहेर गेली आहे, किंवा पूर्वीं गेली होती व आतां कोठें सुधारली आहे, त्या प्रदेशाच्या राज्यसरकारनें हवा केव्हांपर्यंत व कशी सुधारणार याची योजना मध्यवर्ती सरकारास लिहून द्यावयाची. त्या योजनेंत कारखान्यांचा वाटा असतो, तसा मोटारींचाहि वाटा आंखून दिलेला असतो. या वाट्याला तेथें मोटारींच्या धुराचें अंदाजपत्रकच म्हणतात. मग त्या प्रदेशांतील रस्त्यांची निदान वीस वर्षांची योजना घ्यावयाची, तींतील सर्व कामें झालीं असें धरून गाड्या किती धांवतील व धूर किती सोडतील याचा हिशेब करावयाचा, आणि ती बेरीज अंदाजपत्रकांत बसली तरच मध्यवर्ती सरकारनें त्या कामांना पैसा व मंजुरी द्यावयाची. निदान दर चार वर्षांनीं हा हिशेब नव्यानें मांडावा लागतो. मुदतींत तो न जमल्यास आणखी एका वर्षाची सवलत मिळते. तीहि संपली कीं योजनेची मान्यता गळून पडते, आणि दुरुस्ती, सुरक्षितता यांसारखीं सूट मिळालेलीं कामें सोडून बहुतेक नवीं कामें थांबतात. या मेळाला तेथें ‘कॉन्फॉर्मिटी’ असें नांव आहे; आपण त्यास अनुरूपता म्हणूं.

प्रथमदर्शनीं ही कारकुनी बाब वाटते. परंतु तिच्या पोटांत तीन नैतिक तत्त्वें आहेत. पहिलें हें कीं, न्यायनिवाडा एकेका रस्त्याचा न करतां सर्व रस्त्यांच्या बेरजेचा करावयाचा. त्यामुळें ‘माझा वाटा क्षुल्लक’ ही सबब मुळांतच नाहींशी होते. एखादें कृत्य सर्वांनीं केलें तर काय होईल याची कल्पना करून पाहा, असें तत्त्वज्ञ कांट सांगत असे. येथें ती कल्पना आकडेमोडीनें प्रत्यक्ष करून पाहावी लागते. दुसरें, पुराव्याचा भार उलटविला आहे. हवा बिघडली हें रहिवाशानें सिद्ध करावयाचें नसून, ती वचनाबाहेर बिघडणार नाहीं हें रस्ता करणारानें आधीं दाखवावयाचें आहे. तिसरें तत्त्व आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. धुराचें हें अंदाजपत्रक राज्यानें स्वतःच्याच योजनेंत लिहून दिलेलें असतें. तेव्हां कायदा रस्तेखात्याला ‘तूं सज्जन हो’ असें म्हणत नाहीं. ‘तुझ्या एका हातानें लिहिलेलें दुसऱ्या हातानें पुसूं नको’ इतकेंच म्हणतो. ही मागणी पुण्यशीलतेची नसून सत्यवादित्वाची आहे.

मागणी साधी असली तरी ती पाळणें किती जड जातें हें जॉर्जिया राज्यांतील अटलांटा शहराच्या उदाहरणावरून दिसून येतें. तें शहर दूरवर पसरलेलें, आणि तेथील लोकांचा बहुतेक भार मोटारींवर. उन्हाळ्यांत मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन वायु तयार होतो, व तो मर्यादेबाहेर जाई. 1998 च्या आरंभीं तेथील रस्त्यांच्या योजनेची अनुरूपता संपुष्टांत आली. आतां नवे रस्ते थांबावयास हवे होते. पण ज्या कामांना पूर्वींच मंजुरी मिळाली होती तीं चालूं द्यावीं अशी एक पळवाट नियमांत होती. तिच्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्यांत आली, आणि मार्च 1999 मध्यें वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें ही पळवाट बंद केली. त्याच सालीं जॉर्जियाच्या विधिमंडळानें प्रदेशाच्या वाहतुकीकरितां एक स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केलें, आणि 2000 सालीं नवी योजना मान्य होऊन अटलांटाची सुटका झाली. ज्या विचाराला वर्षानुवर्षें मुहूर्त सांपडला नव्हता, तो पैसा अडतांच सांपडला. मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीविषयीं आमचा आदर मोठा आहे. पण समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीला बहुधा तिजोरीच्या दारांतूनच आंत यावें लागतें, असें या हकीकतीवरून म्हणणें भाग आहे.

याच काळांतील एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. शहराच्या मध्यभागाजवळ एका जुन्या पोलादी कारखान्याची सुमारें 138 एकर जमीन पडून होती. तेथें घरें, दुकानें व कचेऱ्या वसविण्याचा बेत होता. पण त्यासाठीं मोठ्या हमरस्त्यावरून एक पूल बांधणें अवश्य होतें, आणि पुलास तर बंदी. त्या वेळीं मध्यवर्ती पर्यावरण खात्यानें असा विचार केला, कीं हीच वस्ती शहराबाहेर दूर माळावर गेली तर लोकांना अधिक मोटार हांकावी लागेल. येथें झाली तर पायीं किंवा आगगाडीनें जातां येईल. म्हणून हा पूल हवा सुधारण्याचाच उपाय समजून त्यास परवानगी देण्यांत आली, व 2004 सालीं तो खुला झाला. न बांधणें म्हणजे शुद्ध आणि बांधणें म्हणजे पाप, अशी सरळ वांटणी नसते. रस्त्यावरून दवाखान्यांतला रोगी जातो, बाजारांतला भाजीपाला येतो, गरिबाला दूरचें काम मिळतें. रस्ता हें साधन आहे. त्याचें पापपुण्य तो कोणत्या प्रकारचें जीवन वसवितो यावर ठरतें.

मात्र या व्यवस्थेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. हा सारा हिशेब भविष्याचा. वीस वर्षांनीं किती गाड्या धांवतील हें कोणीं पाहिलें आहे? आणि भाकीत करणारे बहुधा तेच, ज्यांना रस्ता हवा आहे. रस्ता रुंद केला म्हणजे कोंडी फुटेल, कोंडी फुटली म्हणजे धूर कमी होईल, असें कागदावर दाखवितां येतें. पण रुंद रस्ता नव्या गाड्यांना आमंत्रण देतो, हाहि अनुभव आहेच. शिवाय इंजिनें पूर्वींपेक्षां पुष्कळच स्वच्छ झाल्यामुळें, मनुष्याच्या संयमावांचूनहि कित्येक ठिकाणीं ही परीक्षा उतरतां येते. पृथ्वीचें तपमान वाढविणारा कार्बन डायऑक्साइड तर या हिशेबांत धरलेलाच नाहीं. आक्षेप खरे आहेत. तथापि त्यांवरून हिशेबच सोडून द्यावा असें ठरत नाहीं. उघड मांडलेला हिशेब तपासतां येतो, त्यांतील गृहीतकांवर वाद घालतां येतो, चूक दाखवितां येते. न मांडलेल्या हिशेबाला कोण काय विचारणार? खोटें वचन पकडावयाचें तरी आधीं वचन दिलेलें असावें लागतें.

दुसरी शंका याहून खोल आहे. समजा, बेरीज अगदीं मर्यादेंत बसली. म्हणून न्याय झाला काय? सबंध प्रदेशाची हवा सुधारली, आणि एकाच वस्तीच्या उशाशीं डिझेलच्या मालगाड्यांचा रस्ता आला, तर ‘पुष्कळांचें पुष्कळ सुख’ साधलें, पण त्या वस्तीचें काय? आमच्या घरोघरीं श्रावण सोमवारीं सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी येथें आठवते. राजानें महादेवाचा गाभारा भरावा म्हणून गांवचें सगळें दूध मागविलें. लेंकरेंवासरें उपाशीं राहिलीं, आणि गाभारा कांहीं भरला नाहीं. बेरजेंत कसूर नव्हती. ज्यांना बोलतां येत नव्हतें त्यांच्या तोंडचा घांस बेरजेंत गेला होता. अमेरिकन नियमांत याचीहि थोडी दखल आहे. कार्बन मोनॉक्साइड व धूलिकण यांच्या बाबतींत, एकूण बेरीज जमली तरी, त्या विशिष्ट जागीं नवा मर्यादाभंग होणार नाहीं व जुना वाढणार नाहीं, हें रस्त्यागणिक निराळें दाखवावें लागतें. बेरजेच्या नीतीला व्यक्तीच्या हक्कानें घातलेलें हें कुंपण आहे. तें कितपत मजबूत आहे हा प्रश्न निराळा. पण कुंपण हवें हें कबूल झालें आहे.

आमच्या देशाकडे वळून पाहिलें तर काय दिसतें? हवेच्या प्रदूषणाचा कायदा 1981 सालीं झाला, हवेच्या गुणवत्तेचीं प्रमाणें 2009 सालीं नव्यानें ठरलीं, आणि 2019 सालीं निघालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वयें पुणें, नागपूर यांसारख्या शहरांनीं हवा सुधारण्याच्या योजना केल्या. दुसरीकडे, मोठ्या महामार्गांना 2006 च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणाची मंजुरी लागते. पण ती एकेका प्रकल्पाची. शहराच्या सर्व रस्त्यांची व पुलांची एकत्र बेरीज त्याच शहराच्या हवेच्या योजनेशीं ताडून पाहावी, आणि ती जमली नाहीं तर पैसा थांबावा, असा दुवा आमच्याकडे नाहीं. एका दप्तरांत हवेचें वचन, दुसऱ्या दप्तरांत रस्त्याचा नकाशा, आणि दोहोंची गांठ पडावी असा नियम नाहीं. दोन्ही दप्तरांतील माणसें प्रामाणिक असूं शकतात. वचन तरीहि मोडतें. आम्ही परकीय कायदा जशाचा तसा उचलावा असें म्हणत नाहीं. ज्या शहरांत पायीं व बसनें जाणारे बहुसंख्य आहेत त्यांचा हिशेब निराळ्या रीतीनें मांडावा लागेल. पण तो मांडावा तर लागेलच.

हवेला कुंपण नाहीं, सातबारा नाहीं. म्हणून तिचा धनी कोणी नाहीं असें समजण्याची चूक सहज घडते. वास्तविक तिचे धनी सर्वच आहेत, आणि त्यांतले बहुतेक अजून जन्मलेले नाहींत. त्यांच्याशीं करार करण्यास ते येऊं शकत नाहींत. त्यांच्या वतीनें आपणच वचन लिहावयाचें आणि आपणच तें पाळावयाचें. असें वचन मोडल्याबद्दल जाब विचारणारा समोर नसतो. म्हणूनच आपला प्रत्येक नवा रस्ता आपल्याच जुन्या शब्दाशीं ताडून पाहण्याची संवय समाजानें लावून घेतली पाहिजे.