हाकेच्या पल्ल्यात

पहाटेची वेळ डोळ्यांसमोर आणा. मार्च सरत आलाय. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या जंगलात रात्रभर मोहफुलं टपटपत असतात आणि नीट उजाडायच्या आत बायाबापड्या टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वाकून वेचताना कोण कुठल्या झाडापाशी गेलं ते दिसत नाही. मग एखादी नाव घेऊन हाक मारते. झाडांपलीकडून 'ओ' येतो. पुन्हा वेचणं सुरू.

आज एवढ्यावरच मन ठेवायचं आहे. एक हाक, आणि तिला आलेला ओ.

जिथे असाल तिथे टेकून बसा. श्वास आपल्या चालीनं चालू द्या. आता मनातल्या मनात स्वतःचं नाव घ्या. कागदावरचं नको, आई संध्याकाळी अंगणातून हाक मारायची ते. अर्धवट, शेवट लांबवलेलं. ते नाव ऐकून अंगात काय होतं, तेवढंच बघा.

थांबा.

आता ते नाव घेऊन दूर जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सॉलोमन नॉर्थप नावाचा कृष्णवर्णीय माणूस राहत होता. जन्मतःच स्वतंत्र. बायको, तीन लेकरं, हातात व्हायोलिन. 1841 साली दोन अनोळखी माणसांनी त्याला वाजवण्याचं काम देतो म्हणून वॉशिंग्टनला नेलं. तिथे त्याची शुद्ध हरपली. पुन्हा शुद्ध आली तेव्हा तो अंधाऱ्या कोठडीत होता, हातापायांत बेड्या. आपण गुलाम नाही हे सांगणारे कागद त्याच्या खिशात होते. तेही गेले होते. देशाची संसद तिथून हाकेच्या अंतरावर. मी स्वतंत्र आहे, असं त्यानं म्हटलं, तर फटके बसले. पुन्हा म्हटलं, पुन्हा फटके. पुढे त्याला दक्षिणेत लुइझियानात विकलं आणि नवं नाव दिलं, प्लॅट.

इथे जरा रेंगाळा. बेड्या पुढे निघाल्या, नाव मात्र परत मिळालं नाही. दिवसभर कापसाच्या शेतात कुणीतरी 'प्लॅट' म्हणून ओरडायचं आणि त्याला ओ द्यावा लागायचा. खरं नाव तो जिभेखाली दाबून जगला. एक नाही, दोन नाही, बारा वर्षं. शेवटी कॅनडात जन्मलेल्या एका सुतारावर विश्वास टाकून त्यानं ते सांगितलं, सुतारानं पत्र लिहिलं. जानेवारी 1853 मध्ये गावचा ओळखीचा वकील थेट शेतात येऊन उभा राहिला. सोबतच्या अधिकाऱ्यानं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, सॉलोमन नॉर्थप.

त्या क्षणापाशी दोन श्वास थांबा. बारा वर्षांनी दिलेला ओ.

आता आपल्या मुलखात या. नाशिकजवळ शरणपूर आहे. तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयस्थानात आफ्रिकेतली मुलं वाढली. आपापल्या गावातून ती पळवून नेलेली. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांच्या आरमारानं सोडवून मुंबईला आणलेली. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, हुन्नर शिकवले आणि नवी नावं दिली. त्यांच्यातला याओ जमातीचा एक मुलगा जेकब वेनराइट म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे तो आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाच्या सोबत्यांत सामील झाला. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला. त्याचं हृदय जिथे पुरलं, तिथल्या झाडावर याच वेनराइटनं त्याचं नाव आणि तारीख कोरली.

ते झाड बघा. साल सोललेली, आतलं ओलं लाकूड, चाकू धरलेला हात. ज्याला लहानपणी आपल्या हाकेच्या पल्ल्याबाहेर ओढून नेलं, तो दुसऱ्याचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून एकेक अक्षर खोल करतोय. सोडवणारे हात दयाळू असले, तरी आईनं मारलेली हाक ते परत देऊ शकत नाहीत. हे मनात उतरू द्या. त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्याच्या माणसाला त्या गुलामांची हाक ऐकू गेली होती.

श्वास सोडा. परत मुलचेऱ्याला येऊ.

मोहाच्या याच दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गाड्या गडचिरोलीतून भरतात. चुंगडीत तांदूळ, एक गंज, अंथरूण, काखेत लेकरू. ही माणसं गुलाम नाहीत. ती आपल्या पायांनी चढतात, हंगाम संपवून घरी येतात. शब्द जपून वापरू. पण 'काम देतो, चल' हे वाक्य सॉलोमननंही ऐकलं होतं. उचल घेतली, हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहिला आणि परत निघायची मोकळीक संपली, की तिथून वेठबिगारी सुरू होते. संविधानाच्या 23 व्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठ दोन्हींना मनाई केली. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारी मोडून तिच्यातलं कर्जही रद्द ठरवलं. कायदा आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी कुणालातरी जाणवावं लागतं, की आपलं एक माणूस ओ देत नाही.

आता नजर आत वळवा. इथे घाई नको, आणि स्वतःला रागवायचंही नाही. 'वीस माणसं पाठव,' असं आपण म्हणतो. 'ए पोऱ्या.' 'तो आपला गडी.' 'ती भांडीवाली.' यात बेडी नाही, फटका नाही. फक्त नाव गळालंय. आपल्या तोंडून आज किती नावं गळाली, ते एकेक आठवा. मोजू नका. चेहरा आणा, आणि त्याच्यापुढे नाव ठेवता येतं का ते बघा.

जिथे येत नाही, तिथेच थोडा वेळ बसा.

शेवटी गावातून कामाला गेलेल्या तिघांना आठवा. कुठल्या गावी गेले, कुणाच्या गाडीनं, कधी येणार. माहीत असेल तर मनात नावानं हाक मारा. माहीत नसेल तर उठल्यावर त्यांच्या घरी जाऊन विचारा, आणि ते वहीत लिहून ठेवा. आपलं आजचं मनन त्या वहीपाशी पुरं होतं.

उजाडलं असेल. टोपली अर्धी भरली आहे. झाडांपलीकडे कुणीतरी बराच वेळ गप्प आहे.

हाक मारा.