नाणे कोठले?

मुर्धा गावातील एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला. कागदाची पुडी उलगडून त्याने मेजावर एक काळपट रोमन नाणे ठेवले. एका बाजूस किरणांचा मुकुट घातलेला सम्राट गॅलिएनस, दुसऱ्या बाजूस मृगयेची देवता डायना हिचे हरीण. "फादर, आजी म्हणते, परक्या देवाची वस्तू घरात नको, खाडीत टाक. हे ठेवणे पाप आहे का?"

आजीची धास्ती आम्हांस कळते. परंतु याच गॅलिएनसने इ. स. २६० मध्ये आपल्या पित्याने आरंभलेला ख्रिस्ती लोकांचा छळ थांबविला आणि त्यांची प्रार्थनास्थळे परत केली. पुढे २६७-६८ च्या सुमारास देवतांनी रक्षण करावे म्हणून त्याने हरीण, पंखांचा घोडा, नरतुरंग असे प्राणी नाण्यांवर उमटविले. तत्कालीन ख्रिस्ती गृहिणीने त्याच नाण्यांनी भाकरी विकत घेतली असेल. चित्र जवळ असणे म्हणजे पूजा नव्हे.

आमच्या मनात मात्र निराळाच प्रश्न आला. हे नाणे आले कोठून? "प्रदर्शनात घेतले," एवढेच त्याला ठाऊक.

आपल्या खाडीपलीकडचे सोपारा हे प्राचीन बंदर. तेथील स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. ते कोठे सापडले याची नोंद राहिली, म्हणूनच स्तूपाच्या काळाविषयी ते काही सांगू शकले. चोरून उकरलेल्या नाण्याला असा पत्ता नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. कळवतो कोण?

हे सांगताना आमचीच जीभ अडखळली. पूर्वी रोमला गेलो असता आम्हीही रस्त्यावरील विक्रेत्याकडून पंखांच्या घोड्याचे नाणे घेतले होते. कोठले, हे विचारले नाही. विचारले असते तर कदाचित घेता आले नसते, हे मनोमन ठाऊक होते. सातव्या आज्ञेवर आम्ही किती प्रवचने केली! पण नकळत चोरीचा माल घेणे आणि कळू नये म्हणून न विचारणे, यांतील अंतर कधी उलगडून सांगितले नाही. ते नाणे आजही आमच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी आहे. त्या वहीत प्रत्येक बालकाचे आईबाप आणि गाव आम्ही काळजीने लिहितो.

मुलाने पुडी बांधली. विक्रेत्याला विचारतो, म्हणाला. "आणि आजीला काय सांगू?"

खाडीत टाकू नकोस, एवढेच आम्ही सांगू शकलो.