थांबण्याची ऐपत

२०१६ पासून काही वर्षं महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जात होती. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्रज्ञान अशा क्षेत्रांच्या जोडीला तिच्यात गणवेशधारी सेवांचंही एक क्षेत्र होतं. मुलाचा ओढा कुठं आहे ते चाचणीनं सांगावं आणि घरच्यांनी ती वाट मोकळी करावी, ही त्यामागची अपेक्षा. हेतू चांगलाच होता. पण ज्या मुलीनं नात्यात, गल्लीत, गावात एकही आर्किटेक्ट पाहिलेला नाही, तिचा ओढा तिकडे जाणार कसा?

अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांचं काम जवळून पाहिलं आणि २००४ मध्ये आकांक्षा बाळगण्याच्या क्षमतेची कल्पना मांडली. ही क्षमताही समाजात विषम वाटली गेली आहे, असं ते म्हणतात. खात्यापित्या घरातल्या मुलाला इच्छेपासून मुक्कामापर्यंतच्या पायऱ्या ठाऊक असतात, कारण त्या चढून, घसरून, पुन्हा चढून पाहायची मुभा त्याला मिळते. मला हे पूर्ण पटतं. आपल्याकडे मात्र त्या मुभेला एक रोकडं माप आहे: घराला किती वर्षं थांबता येईल?

दहावीच्या निकालानंतर तालुक्याच्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्रात तासभर बसून पाहा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधारच्या झेरॉक्स, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. मुलगी दबकत आर्किटेक्चरचं विचारते. केंद्र चालवणारा पोरगा म्हणतो, "काका, त्याला बारावीनंतर पाच वर्षं जातात. पॉलिटेक्निक टाकू का? तीन वर्षांत डिप्लोमा हातात." काका गप्प होतात. सोळा आणि सात, तेवीस. तोवर धाकट्याचं शिक्षण आलं, हिच्या स्थळांचा विषय निघाला. ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क २०२४ पासून पूर्ण माफ झालं, हे फार मोलाचं काम झालं. पण त्या बाकड्यावरचा हिशेब फीचा नाहीच, वयाचा आहे.

म्हणूनच पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर इतकी पोरं धावताना दिसतात. बारावी पास, वय अठरा, उंची १६५ सेंटिमीटर आणि १६०० मीटरची धाव. पोलीस भरतीची वाट सगळ्यांना पाठ आहे आणि तिला घरातून फारसं भांडवल लागत नाही. डॉक्टरांच्या मुलाची नीट हुकली, तर तो लातूरला रिपीटर बॅचला बसतो. मजुराच्या मुलाची हुकली, तर त्याच आठवड्यात त्याच्यासाठी काम शोधलं जातं. दोघांच्या हुशारीत फरक नसेलही.

मग पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये शेतकऱ्यांची मुलं वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षा देत कशी थांबतात, असं कुणी विचारेल. तिथं थांबणं गावाला समजतं. शेजारच्या वाडीतला कुणी फौजदार झालेला असतो, त्याचा फ्लेक्स चौकात लागलेला असतो. त्या भरवशावर बाप उसनवारी करतो, वेळेला जमीन गहाण टाकतो. घराकडं एकदाच थांबण्याची ऐपत असते आणि ती सगळी एकाच दारात खर्च होते, याचं मला फार वाईट वाटतं. हीच वर्षं त्या मुलाला संशोधनासाठी, चित्रकलेसाठी, वकिलीतल्या सुरुवातीच्या कोरड्या दिवसांसाठी मिळाली असती तर?

थांबायला आधार लागतो, हे शाहू महाराजांनी नेमकं ओळखलं होतं. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. शाळेच्या दारापर्यंत आलेलं पोर तिथं टिकायचं तर त्याच्या राहण्याजेवणाची तजवीज हवी, हे त्यांना दिसत होतं. आज त्याच वाटेवर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. पण मेसवाल्याला पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. भत्ताही तसाच दरमहा, ठरल्या तारखेला मिळायला हवा. आणि एखादं वर्ष हुकलं तरी तो बंद होता कामा नये. सुखवस्तू घरातल्या मुलाला ते वर्ष न मागता मिळतं.