बाण लागलेले हरीण

वेळापूरच्या मुक्कामात रात्रीची पंगत उठली, आणि आमच्या दिंडीतले एक वृद्ध माळकरी माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ नुसते पायाला तेल चोळीत राहिले. मग म्हणाले, "बुवा, एक विचारायचं होतं. पोराच्या हातून पाप घडलं का नाही, एवढंच सांगा."

मुलगा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. घरची रीत त्याने तिकडेही सोडलेली नाही. गळ्यात माळ आहे, एकादशी आहे. शेजारी एक गृहस्थ राहतो, मोठा सज्जन (हे म्हाताऱ्याने दोनदा सांगितले), पण त्याला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा नाद. तिकडे ही गोष्ट चोरून करायची नाही. सरकारी परवाना काढायचा, सप्टेंबरच्या मध्यापासून बाणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि मारलेले हरीण घरी आणून खातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, म्हणून धनुष्यबाण आणि हरीण म्हटले की आपल्याला पुराण आठवते. तिकडे ती आजची गोष्ट आहे.

तर झाले असे. गेल्या कार्तिकातली संध्याकाळ. शेजारी झाडावरच्या माचणीत बसला होता. अंधार पडायच्या सुमारास त्याने बाण सोडला. बाण लागला, हरणाने पाठीला कुबड काढले आणि ते झाडीत निघून गेले. खाली उतरून त्याने बाण शोधला, तर त्याला रक्त थोडे आणि हिरवट, घाण वासाचे काही लागलेले. शेजारी समजला. बाण पोटात, आतड्यांत गेला होता.

वाचकहो, हे जरा उलगडून सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. गोळीचा मोठा हादरा बसतो. बाण मारतो तो रक्तस्रावाने. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात. फुप्फुसात लागला तर फेसाळ, गुलाबीसर रक्त पडते आणि जनावर थोड्याच अंतरावर कोसळते. यकृतात लागला तर रक्त काळसर. पण आतड्यांत लागला, तर जीव जायला कित्येक तास लागतात, कधी अख्खी रात्रही जाते. असे हरीण मागे कोणी लागले नाही तर जवळपासच कुठेतरी अंग टाकते. मागे लागले तर उठते, आणि ती वेदना पोटात घेऊन दूर जाते; मग ते सापडत नाही. म्हणून जाणते शिकारी अशा वेळी रात्रभर थांबतात आणि पहाटे मागावर निघतात.

पण त्या रात्री पाऊस येणार होता. थांबावे तर पाऊस रक्ताचा माग धुऊन नेणार, निघावे तर हरीण उठणार. शेजाऱ्याने माग काढणाऱ्या कुत्र्यासाठी फोन केला. तिकडे दोरीला बांधलेली अशी कुत्री घेऊन येणारी माणसे असतात. पण कोणी मोकळे नव्हते. मग त्याने या मुलाचे दार ठोठावले. म्हणाला, तुझे डोळे तरुण आहेत, बत्ती धरायला ये. मुलगा माळेवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि गेला.

जमिनीवर मेपलच्या झाडांची लाल पाने पडलेली, त्यांवर लाल ठिपके आपोआपच असतात. प्रत्येक ठिपक्याला बोट लावून पाहायचे. ओला असेल तर रक्त. जिथे सापडले तिथे पांढऱ्या कागदाचा कपटा खोचून पुढे जायचे, म्हणजे मागे वळून पाहिले की हरीण कोणत्या दिशेने गेले ते ओळीने दिसते. शेजारी, साठीचा माणूस, गुडघ्यांवर रांगत होता. दोन तासांत शेत ओलांडून ते एका ओढ्याच्या काठी आले. मुलाची नजर तेज. तो पुढे पुढे जाऊ लागला. शेजारी मागून दबक्या आवाजात म्हणाला, हळू. तेवढ्यात उंच गवतात काहीतरी धडपडून उठले, पाण्यात आवाज झाला, आणि शांत झाले. मग पाऊस आला.

एवढे सांगून म्हातारा गप्प झाला. भोवती चार माणसे जमली होती. एक जण म्हणाला, मारणाऱ्याच्या सोबतीला गेला म्हणजे माळेला बाध आलाच. पुन्हा माळ घालून घ्यावी. दुसरा म्हणाला, ज्याचे त्याचे प्रारब्ध. परभणीकडची एक म्हातारी माउली कोपऱ्यात तुळशीवृंदावन पुशीत होती. तिने मान वर केली आणि विचारले, "मग घावलं का हो ते हरण?"

मी मनात ओशाळलो. कारण हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. आणि त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की तो मला चाळीस वर्षांत सुचलेला नाही.

परीक्षितीची कथा आपण सप्ताहात ऐकतो. भागवतात राजा हरणांच्या मागे जाऊन भुकेला, तहानेला होतो आणि ऋषीच्या आश्रमात पाणी मागतो. महाभारताच्या आदिपर्वात मात्र त्याने हरणाला बाण मारलेला आहे. बाण लागलेले हरीण त्याच्या हातून कधी जिवंत सुटत नसे, हे सुटले. साठ वर्षांचा राजा, दमलेला, माग काढीत रानात खोल गेला. तिथे गायींच्या गोठणात शमीक मुनी बसले होते, वासरांच्या तोंडातून गळणाऱ्या फेसावर राहणारे. राजाने आधी आपले नाव सांगितले, बापाचे सांगितले, आणि मग विचारले, माझा बाण लागलेले हरीण पाहिलेत का? मुनींचे मौन होते. राजाला राग आला, त्याने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकला. पुढे शृंगीचा शाप, तक्षक, सात दिवस, हे सगळ्यांना पाठ आहे.

आणि हरीण? ते कथेतून जे गेले ते गेले. मेलेल्या सापाबद्दल शाप झाला; जिवंत हरणाबद्दल कोणी शब्द काढला नाही. मी स्वतः कीर्तनात त्या हरणाला पहिल्या पाच मिनिटांत सोडून देतो आणि शापाकडे धावतो.

राजा विचारीत होता तो प्रश्न त्या माउलीचाच होता, पण मन वेगळे होते. त्याला आपले सुटलेले सावज हवे होते. तिला त्या जिवाचे काय झाले ते हवे होते. एकाच प्रश्नाची अशी दोन मने असू शकतात. विस्कॉन्सिनचा तो शेजारी रांगत होता तो मांसासाठी की हरणासाठी, हे मी इथे बसून कसे सांगू? दोन्ही असेल. पण भर पावसात पहाटेपर्यंत तो ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरत होता, एवढे मला ठाऊक आहे, आणि ते मी कमी लेखणार नाही.

आता कोणी म्हणेल, बुवा शिकाऱ्याची वकिली करतात. नाही हो. बाण सोडला तो त्याचा त्याने, त्याचे पाप त्याच्याकडे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अंधारात एक जीव तळमळतो आहे हे कानावर आल्यावर, 'बाण माझा नव्हता' म्हणून दार लावून हरिपाठ म्हणत बसता येते का? सापडले असते तर शेजाऱ्याने त्याला मारलेच असते. मुलाला ते माहीत होते. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होते, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरकडून सुई टोचून त्याचा अंत करविला, आणि त्यावर देशभर केवढा गदारोळ झाला. मला त्या बाबतीत आजही सगळे पटते असे नाही. पण वासरू समोर होते, गांधीजी त्याच्याजवळ गेले होते. समोर असलेल्याचा निर्णय चुकला तरी तो त्या जिवासाठी घेतलेला असतो. हरवलेल्या जिवासाठी निर्णयच घेता येत नाही. ते वाचले की मेले हेही कळत नाही. बाण वरवर लागला असेल तर हरणे बरी होऊन हिंडतात. पोटात लागला असेल तर बहुधा नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर नाथमहाराजांची टीका आहे, शेवटाकडे आणखी एक व्याध येतो. जरा त्याचे नाव. पिंपळाखाली बसलेल्या भगवंतांचा पाय त्याला हरणाच्या तोंडासारखा दिसला आणि त्याने बाण मारला. मग तो काय करतो? आपल्या बाणामागे चालत जातो. तिथे कोण आहे ते पाहतो, पायांवर पडतो, मला मारा म्हणतो. त्याने त्या बाणामागे जाण्याचा कंटाळा केला असता तर? देव त्याला दिसलाच नसता, आणि आपण काय केले हेही त्याला कधी कळले नसते.

दुसऱ्या दिवशी भंडीशेगावच्या वाटेवर मी त्या वृद्धांना माझे म्हणणे सांगितले. म्हटले, जाण्यात पाप नव्हते. माळ घालून गेला हे बरेच झाले. ते ऐकत चालत होते. मग म्हणाले, "मला तेच टोचत होतं. पण त्याला दुसरंच टोचतं." शेजारी 'हळू' म्हणाला होता आणि आपण थांबलो नाही, ते मुलाच्या मनातून जात नव्हते. आपल्या घाईने ते उठले. पडून राहिले असते तर पहाटे सापडले असते.

मला पंडुराजा आठवला, परीक्षितीचा पणजोबा. हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला त्याने जोडीत असताना बाण मारला. मरताना ऋषी म्हणाला की हरणे मारतोस म्हणून तुला दोष देत नाही, पण तू थांबायला हवे होतेस. ते हरीण बोलू शकत होते. सगळी कुठली बोलायला!

"मग पुढं?" मी विचारले.

"पुढं काय. पंधरा दिवस कामावरून येताना त्या ओढ्यापाशी गाडी थांबवायचा. वर आभाळात काही घिरट्या घालतंय का बघायचा. कावळे उठले की शेतात शिरायचा. काही घावलं नाही. आता बर्फ पडलं, वितळलं, परत गवत उंच झालं असेल. परवा फोनवर म्हणाला, 'आबा, तिथं कळप येतो संध्याकाळी. मी मोजतो.'"